निळ्या चड्डीवाल्याचा कोपरा

बाबांचा गुडघा नवीन होता, स्वभाव मात्र जुनाच. ऑपरेशन छान झालं, टाके निघाले, डॉक्टर म्हणाले आता चालायला लागा. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. ऑपरेशनचा पाय पुढच्या बुटक्या लाकडी स्टुलावर. व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट आली की डोळे मिटून घोरायचे, आणि ती जिना उतरली की एक डोळा उघडून विचारायचे, "गेली का ती हाडं मोडणारी?"

त्या बिचारीने शेवटी निक्षून सांगितलं. सोमवारपर्यंत पाय चालता झाला नाही तर भूल देऊन गुडघा जबरदस्तीने वाकवावा लागेल. तरीही आखडला तर जन्मभराचा आखडला. हे ऐकून आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. बाबा म्हणाले, "दुखतंय मला. गुडघा माझा आहे, तुमचा नाही."

आणि हे बोलणारे कोण, तर बॉक्सिंगचे कोच! नाक फुटलेल्या पोरांना "रक्तच आहे, पुसलं की जातं" असं सांगण्यात यांची हयात गेली.

मी लिफ्टच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेते. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी गोड बोलणं हा माझा धंदाच आहे. बाबांपुढे मात्र सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

शनिवारी दुपारी जुनी काठी शोधायला मी माळ्यावर चढले. काठी मिळाली नाही, पण माझ्या लहानपणीचा व्हिडिओ गेम सापडला. तोही बॉक्सिंगचाच. मामाने आणलेला. बाबांना तो डोळ्यांसमोर नको असायचा, म्हणून मी ते जिमला गेल्यावर खेळायचे. म्हणजे रोजच, कारण ते रोज संध्याकाळी जिममध्येच असायचे, दुसऱ्यांच्या पोरांना तयार करत. याचा मला राग होता. अजूनही आहे, थोडा.

कॅसेटमध्ये फुंकर मारली, टीव्हीला वायर जोडली आणि मुद्दाम आवाज मोठा केला.

"बंद कर ते," बाबा म्हणाले. मग दोन मिनिटांनी, "त्याचे पाय का हलत नाहीत?"

"गेम जुना आहे, बाबा. पाय हलत नाहीत."

"मग ती बॉक्सिंग कसली? दोन खांब उभे करून एकमेकांना गुद्दे घालतायत. आण इकडे!"

रिमोट हातात आल्यावर बाबांनी निळ्या चड्डीवाल्याला घेतलं. गुद्दा चुकवायचा म्हणून स्वतःच खुर्चीत डावीकडे झुकले. बटण दाबायचं राहिलं. निळी चड्डी आडवी.

"मी वाकलो होतो!" बाबा ओरडले. "सरळ सरळ दिसलं असणार त्याला!"

"टीव्हीला कुठून दिसणार? बटण दाबा."

पण जित्याची खोड. बाबा खांदे पाडत होते, हनुवटी छातीत रुतवत होते, आणि निळी चड्डी पडत होती. शेवटी मी शिकवलं की पडल्यावर बटण जोरजोरात बडवलं की माणूस पुन्हा उभा राहतो. याने तर ते खवळलेच. "बोटं आपटून माणूस उठतो होय?"

"निदान उठतो तरी," पेपरातून मान वर न काढता आई म्हणाली. "इथे डॉक्टरांनी अख्खा गुडघा बदलला तरी कोणी उठत नाही."

बाबांनी रिमोट माझ्याकडे टाकला. नाचता येईना, अंगण वाकडं. "तू खेळ. मी सांगतो."

आणि खरंच सांगायला लागले. समोरचा लाल चड्डीवाला गुद्दा मारायच्या आधी कान खाजवायचा. मी इतकी वर्षं खेळूनही ते कधी पाहिलं नव्हतं. "बघ, बघ, कानाला हात गेला! आता उजवा येणार! हाण!" मी हाणला. लाल चड्डी डगमगली. "हे मात्र खरं दाखवलंय हं," बाबा एकदम मऊ आवाजात म्हणाले. "प्रत्येकजण आधी सांगतो. बघणारा पाहिजे."

मग घंटा वाजली. पहिली फेरी संपली.

या गेमचा मला लहानपणी सगळ्यात मोठा वैताग होता तो इथे. दोन फेऱ्यांमध्ये पूर्ण एक मिनिट काहीच होत नाही. कुठलंही बटण दाबा, ढिम्म. निळी चड्डी आपली कोपऱ्यात धापा टाकत उभी.

"मिनिट बरोबर धरलंय," बाबा म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. "अरे, याच्या कोपऱ्यात कोणी का नाही? स्टूल कुठाय? पाणी कोण देणार याला?"

पुढे जे झालं ते आई आणि मी दोघींनी पाहिलं, म्हणून स्वप्न नव्हतं हे नक्की. बाबांनी पाय खाली घेतला, ते उठले, पायाखालचं स्टूल एका हातात, पाण्याची बाटली दुसऱ्या हातात, आणि लंगडत थेट टीव्हीपुढे. स्टूल ठेवलं. वळून मला म्हणाले, "बस! बघतेस काय? चाळीस सेकंद राहिलेत!"

मी बसले. बाबांनी बाटली माझ्या तोंडाला लावली. "डावा हात खाली पडतोय तुझा. श्वास नाकाने घे. तो घाबरलाय तुला, कळलं?" अर्धं पाणी माझ्या ड्रेसवर सांडलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते वेगळं. लहानपणापासून मला हेच हवं होतं.

"अहो," आईचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तुम्ही उभे आहात."

बाबांनी खाली गुडघ्याकडे पाहिलं. मग तोंड वाकडं केलं. "आई गं! दुखतंय!" आणि भिंत धरून खुर्चीत परत. आता पुन्हा बसले तर सोमवारपर्यंत उठायचे नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं.

आईलाही दिसलं असावं. तिने पेपराची घडी केली, चष्मा सारखा केला आणि दुसरा रिमोट उचलला. खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, दाराजवळ खुर्ची ओढून बसली. "मी लाल."

"तुला येतं का?" बाबांनी विचारलं.

"पोरगी काय एकटीच खेळायची वाटलं? तुम्ही जिमला गेलात की दुसरं कोण होतं तिच्याबरोबर?"

मग आईने मला धुतलं. ती कान न खाजवता मारत होती. बाबा दोघींवर ओरडत होते, बाजू कुठली हे त्यांनाच कळत नव्हतं. घंटा वाजली. बाबा दोन्ही हातांनी रेटा देऊन उठले, पण जागीच थबकले. स्टूल एक, बाटली एक, आणि कोपरे दोन.

"बाबा, मी!" मी म्हटलं. मी टीव्हीजवळ होते, तीन पावलांवर.

"मी तापात फणफणत होते तेव्हाही पाण्याचा ग्लास दिला नव्हता यांनी," आई टीव्हीकडे बघत, कोणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. बाटली उचलली. आणि अख्खी खोली ओलांडून, दाताखाली ओठ धरून, नवीन गुडघा पावलापावलाला वाकवत लांबच्या कोपऱ्याकडे निघाले.