दुसऱ्या खेळाडूची बटणं

एलियाला मशीनसमोर उभं राहायला दुसरं माणूस हवं होतं, आणि त्या रविवारी दुपारी घरात बायको मोनिकाशिवाय कोणी मोकळं नव्हतं.

तिसगावच्या स्टँडजवळ एलियाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. लहानपणी नगरला मावशीकडे गेला की तो व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये तासन्‌तास उभा राहायचा. तसलं मशीन आपल्या हातानं करायचं, हे तेव्हापासून त्याच्या डोक्यात होतं. यंदा नाताळच्या आधी त्यानं ते मनावर घेतलं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्लायवूडचं कपाटाएवढं खोकं उभं राहिलं. त्यात घरातला जुना, फुगीर पाठीचा टीव्ही बसला. खाली दोन दांडे आणि रंगीत बटणं. आत तळहाताएवढा कॉम्प्युटर आणि त्यावर जुन्या मशीनचं हुबेहूब सोंग घेणारं सॉफ्टवेअर. एलिया त्याला एम्युलेटर म्हणायचा. नाताळला ते चर्चच्या आवारात पोरांसाठी ठेवायचं, हे पाळकांशी बोलूनही झालं होतं.

आता सॉफ्टवेअरला बटणं ओळखायला शिकवायचं होतं. पडद्यावर प्रश्न येणार, दुसऱ्या खेळाडूचं वर कोणतं, खाली कोणतं, गोळी कोणती. मोनिकानं तेवढं बटण दाबायचं. एवढ्याशा कामाला नाही म्हणायचं कसं? आठवडाभर ती कधी धुणं, कधी दळण अशी कारणं काढत आली होती.

नववीत असताना तिला पहिल्यांदा फिट आली होती. नगरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, गोळी चुकवायची नाही, झोप मोडायची नाही, लुकलुकत्या उजेडापासून लांब राहायचं. लग्नाआधी काही वर्षं फिट आलीच नाही, तेव्हा आईवडिलांनी ठरवलं की सासरी बोलायचं नाही. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. गोळ्या ती शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीखाली ठेवायची. तिसगावात विकत घ्यायची सोय नव्हती, मेडिकलवाला चर्चमध्ये त्यांच्याच बाकावर बसायचा. भाऊ पारनेरहून महिन्याला पाकीट आणून द्यायचा. या खेपेला तो तापानं पडला आणि आलाच नाही. मोनिका आठवडाभर गोळीचे दोन तुकडे करून अर्धी अर्धी घेत होती.

सुरुवातीची बटणं नीट झाली. एलिया खुशीत होता, मध्येच म्हणाला की नाताळला पहिला डाव आपण दोघांनीच खेळू. मग त्यानं सेटिंगमध्ये काहीतरी बदललं आणि चित्र सुटलं. ते खालून वर धावायला लागलं, पांढरं-काळं, पांढरं-काळं, आणि सगळी शेड त्या उजेडात थडथडायला लागली. मोनिकानं झटकन एका डोळ्यावर तळहात धरला. डॉक्टरांनी सांगितलेला तो उपाय होता.

"डोळ्यात काही गेलं का?" एलियानं पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

तिला हो म्हणायचं होतं. जीभ हलली नाही. तोंडात कसलीशी कडवट चव आली, उजवा हात आपोआप बटणावर आपटू लागला, आणि पुढचं तिला काही कळलं नाही.

शुद्ध आली तेव्हा नाकाशी कांदा होता. ती जमिनीवर होती, जीभ चावली गेली होती, गाऊन ओला झाला होता. सासू मरियम तिचे तळपाय चोळत होती. एलियाचा चेहरा राखेसारखा झाला होता. मोनिकाला आधी भीती वाटली ती एवढीच, की यांना कळलं.

पण एलिया आईला सांगत होता, "करंट लागला हिला. बटणाला हात चिकटला होता. मी प्लग ओढला."

"जाळून टाक ते खोकं," मरियम म्हणाली. "सून गेली असती माझी. लई थोडक्यात वाचली."

मोनिकानं डोळे मिटून घेतले.

तिला गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, भाजल्याची खूण तर कुठं नाही. मग जीभ बाहेर काढायला लावली. ते तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले. याआधी असं कधी झालंय का, असं त्यांनी विचारलं. एलिया शेजारीच उभा होता. मोनिकानं मान हलवून नाही म्हटलं.

घरी येताना मनात कुठंतरी ती सुटल्यासारखी झाली होती. करंट कुणालाही लागतो. त्यासाठी कुणी बायकोला माहेरी पाठवत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं भावाला फोन करून गोळ्या मागवून घेतल्या.

एलिया मात्र शांत होईना. दुकान लवकर बंद करून तो शेडमध्ये बसू लागला. बटणं, तारा, दांड्यांचे स्क्रू, सगळीकडे त्यानं टेस्टर लावून पाहिला. दिवा कुठंच पेटला नाही. यामुळे त्याला बरं वाटायच्या ऐवजी तो जास्तच धास्तावला. जो करंट सापडत नाही तो पुन्हा कधीही येईल, उद्या एखाद्या पोराचा हात चिकटला तर, असं तो म्हणायचा. मरियम मशीन भंगारात द्यायला सांगत होती, पण माझ्या बायकोला कशानं धरलं ते मला कळल्याशिवाय नाही, हे त्याचं ठरलेलं उत्तर होतं. त्याचं जेवण कमी झालं. झोपेत तो दचकून तिचा हात चाचपायचा. मोनिका जागी असायची. तो हात परत गेला की तिला रडू यायचं, पण तोंड उघडायचं धाडस होत नव्हतं.

बुधवारी दुपारी मरियम महिला संघाच्या प्रार्थनेला गेली होती. मोनिका चहा घेऊन शेडमध्ये गेली आणि दारातच थबकली. एलियानं टीव्हीची पाठ उघडली होती. टीव्ही चालू होता. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत आत होते.

एलिया टीव्हीचं काम ज्यांच्या हाताखाली शिकला त्या रंगनाथ मिस्तरींचा एक नियम त्यानंच तिला सांगितला होता. चालू टीव्हीत कधी हात घालायची वेळ आली तर एकच घालायचा, दुसरा खिशात ठेवायचा. दोन्ही घातले तर करंट छातीतून जातो. पिक्चर ट्यूबच्या मागं एवढा करंट असतो की माणूस ओरडायलाही उरत नाही.

तिलाही ओरडता येत नव्हतं. तो दचकला तर? कप कुठं ठेवला ते तिला नंतर आठवलं नाही. भिंतीला धरून, आवाज न करता ती विजेच्या बोर्डापर्यंत गेली आणि बटण बंद केलं.

पडदा विझला. एलिया मागं न वळता वैतागून म्हणाला, "चालू कर. चालू असल्याशिवाय करंट कळायचा नाही."

"हात बाहेर काढा आधी."

"मोनिका, चालू कर."

"त्यात करंट नाही," ती म्हणाली. "मला करंट लागलाच नव्हता. मला फिट आली होती. नववीपासून येते."

त्यानं हळूहळू हात बाहेर काढले. ते धुळीनं काळे झाले होते. तो स्टुलावर बसला. मोनिकानं खणातल्या गोळ्यांपासून अर्ध्या तुकड्यांपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं, कारण मध्ये थांबली असती तर पुढं बोलता आलं नसतं. तो जमिनीकडे बघत ऐकत होता.

"लग्नाआधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता?"

एलिया हात पँटला पुसत म्हणाला, "मला वाटलं मी तुला मारलं. चार दिवस मला तेच वाटतंय." आणि उठून बाहेर निघून गेला.

ती दुपार मोनिकानं उंबऱ्यात बसून काढली. बॅग भरून ठेवावी का, असंही तिच्या मनात आलं. एलिया संध्याकाळी परतला आणि मरियम आल्यावर त्यानं मोनिकाला समोर बसवलं आणि तूच सांग म्हणाला. तिनं सांगितलं. मरियमनं लगेच पारनेरला विहिणीला फोन लावला आणि शेजारी ऐकतील इतक्या मोठ्यानं भांडली. पुढं कितीतरी दिवस ती सुनेशी बोलली नाही. ताट मात्र वाढून ठेवायची. संघातल्या बायकांनी विचारलं तेव्हा तिनं करंटचीच गोष्ट सांगितली. ते आपल्याला झाकण्यासाठी की स्वतःच्या लाजेपोटी, हे मोनिकाला कळलं नाही आणि विचारायची तिची हिंमतही नव्हती.

मशीन यंदाच्या नाताळला गेलं नाही. एलियानं जुना टीव्ही काढून टाकला आणि नवा सपाट पडदा कधीतरी बसवू म्हणून खोक्यावर चादर घातली.

जानेवारीत तो तिला नगरला तिच्या जुन्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. एसटीत तो खिडकीबाहेर बघत होता. तिनं मनाशी धरलं होतं की हा डॉक्टरांना एकच विचारणार, ही कधी बरी होणार की नाही, आणि उत्तर ऐकून पुढचं ठरवणार. केबिनमध्ये डॉक्टरांनी गोळ्यांचं प्रमाण बदललं, चुकवू नका म्हणून बजावलं, आणि काही विचारायचंय का म्हणाले.

एलियानं खुर्ची पुढं ओढली. "मी त्या दिवशी कांदा लावला होता," तो म्हणाला. "पुन्हा आली तर काय करायचं असतं?"

डॉक्टर उठले. कांदा नको, चप्पल नको, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, आसपासचं टोकदार सामान बाजूला करायचं आणि झटके थांबले की कुशीवर वळवायचं. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर सरळ दवाखाना. त्यांनी मोनिकाला खाटेवर आडवं व्हायला सांगितलं आणि एक हात खांद्याला, एक गुडघ्याला लावून कसं वळवायचं ते दाखवलं. मग एलियाला करायला लावलं. पहिल्यांदा त्यानं फार हळू ओढलं, ती अर्धीच वळली.

"पुन्हा करू का?" त्यानं डॉक्टरांना विचारलं.

मोनिका पाठीवर झाली आणि अंग सैल सोडून पडून राहिली.