आडवी पडली की श्वास पुरायचा

मित्रांनो, मी एक जुना ऑक्सिजनचा सिलिंडर आहे. काळं अंग, पांढरे खांदे. कारखान्यात माझ्यात प्राणवायू दाबून भरला आणि पौडच्या एका लहान प्रसूतिगृहात साखळीने मला भिंतीशी बांधलं. तिथे मी कितीतरी बायांना श्वास दिला. डॉक्टर रजनी मला ‘भरवशाचा’ म्हणत.

२००४ साली कासार आंबोलीची स्नेहल आली. पाचवा महिना, निळसर ओठ.

सासू रंभाबाई म्हणाल्या, "सारखी पडून ऱ्हाती. उठ म्हनलं की दम लागतोय म्हनती. आमी काय पोरं काढली न्हाईत?"

"आडवं पडलं की बरं वाटतंय. बसलं की गुदमरतंय," स्नेहल पुटपुटली. घरी इतक्यांदा सांगून आता तिचं तिलाच ते खोटं वाटू लागलं होतं. बाजेवरून उठता येत नव्हतं आणि पडून राहायची चोरी होती.

डॉक्टरांनी मास्क लावला, माझी चावी पुरी उघडली. तरी रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या बोटाच्या चिमट्यावरचा आकडा जेमतेमच हलला. मला फार लाज वाटली. डॉक्टरांनी तिला बसवलं, आकडा घसरला. झोपवलं, वर आला.

"नाकातून रक्त येतं?"

"ल्हानपणापासून. आईलाबी येतंय."

डॉक्टर सासूकडे वळल्या. "ही लबाडी करत नाही. हिच्या फुफ्फुसात खालच्या बाजूला एखादी रक्तवाहिनी भलतीकडेच जोडलेली असणार; मायलेकींच्या नाकातून रक्त येणं ही त्याचीच खूण. बसलं की रक्त खाली तिकडेच ओढलं जातं आणि हवा न घेताच पुढे जातं, मग ऑक्सिजन पोचणार कसा? गरोदरपणात ती फुगते. फुटली तर दोघंही जातील. आत्ताच पुण्याला न्या."

नवरा किशोरने तिला जीपमध्ये आडवं केलं. शेजारी मी. रंभाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. भूगाव येईपर्यंत त्या तिच्या कपाळावरचे केस मागे सारत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्या तुला उठवून उठवून कामाला लावलं."

स्नेहलने डोळे मिटले.

पुण्यात तपासणीत तेच निघालं. बाळाला क्ष-किरण लागू नयेत म्हणून पोटावर शिशाचं आवरण घालून, मांडीच्या शिरेतून बारीक नळी नेऊन तिथल्या डॉक्टरांनी ती वाट तारेच्या गुंडाळीने बुजवली. दुसऱ्या दिवशी स्नेहल खिडकीशी बसली ती दुपारपर्यंत. नर्सने पडायला सांगितलं, तर "थोडं बसू द्या," म्हणाली. महिने भरल्यावर तिला मुलगी झाली.

आता मी प्रसूतिगृहाच्या मागे गंजत पडलोय. त्याचं काही नाही. पण मित्रांनो, कुणी म्हणालं की श्वास पुरत नाही, तर त्याला आळशी ठरवण्याआधी त्याचं पुरतं ऐकून घ्या.