सासूबाईंची शिफारस

“म्हातारी काय म्हणाली?” सासूबाईंनी विचारलं.

सुनेनं सिनेमाच्या पडद्यावरची खालची इंग्रजी ओळ मराठीत करून सांगितली. “ ‘तुला एक मेंढी धरून ठेवता येत नाही, माझ्या मुलाला काय धरून ठेवणार होतीस!’ ”

“बरोबर बोलली.”

सुनेनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वीज कंपनीच्या तक्रार कक्षात दिवसभर फोनवर लोकांचं वाट्टेल ते ऐकून तिचा आवाज सपाट झाला होता. घरी आल्यावरही तो तसाच राही.

“अगं, तिचा मुलगा बुडालाय तिथे. वीज कधी येणार ते नाही सांगायचंय.”

“मग तुम्हीच वाचा ना, आई.”

वाचणं सासूबाईंना शक्य नव्हतं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत, नजरेच्या मधोमध, राखाडी डाग पडला होता. कडा शाबूत होत्या. मान तिरकी केली की दार, कंदील, चालणारे पाय दिसत; चेहरा आणि अक्षरं मात्र डागात जात. त्यांची सारी हयात इस्पितळाच्या एक्स-रे विभागात, दुसऱ्यांच्या हाडांतल्या केसासारख्या भेगा शोधण्यात गेली होती.

डोळ्यांचं हे इस्पितळातल्या जुन्या मंडळींना ठाऊक नव्हतं. निवृत्त कर्मचाऱ्यांचा एक सिनेमा गट होता. महिन्याला एक परदेशी चित्रपट. तो निवडायचा, आधी थोडं बोलायचं आणि संपल्यावर प्रश्नांना उत्तरं द्यायची, हे काम सासूबाईंचं. त्यांच्या शब्दाला वजन होतं. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यानं त्यांच्या सांगण्यावरून तीन तास नुसता बर्फ पाहिला होता आणि वर येऊन आभार मानले होते. डोळ्यांचं कळलं असतं तर ते काम दुसऱ्याकडे गेलं असतं. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातला बहुतेक काळ समुद्रात. म्हणून वाचायला सून.

या वेळचा चित्रपट एका बेटावरचा होता. मेंढ्या राखणारी म्हातारी आणि तिची विधवा सून, दोघीच. म्हातारी बोले थोडं, पण बोलली की घाव घाली. प्रत्येक घावाला इकडे सासूबाई “बरोबर बोलली” म्हणत आणि सून पुढची ओळ वाची.

शेवटी म्हातारीची सून गाठोडं घेऊन दाराशी उभी राहिली. बाहेर पाऊस. म्हातारीनं तोंड उघडलं.

“काय म्हणाली?”

सून जरा थांबली. “ ‘थांब. पाऊस कमी होऊ दे.’ ”

पडद्यावरचा उजेडाचा चौकोन मिटला. दार लागलं, एवढं सासूबाईंना दिसलं. दोघी आत राहिल्या असतील.

“वा!” त्या म्हणाल्या. “शेवट असा पाहिजे.”

गटात चित्रपट सगळ्यांना आवडला. टाळ्या झाल्या. मग सासूबाई उठून बोलू लागल्या. इतका कडवटपणा झाल्यावर म्हातारी सुनेला थांबवते, त्या एका वाक्यासाठी मी हा चित्रपट निवडला, असं त्यांनी सांगितलं. मागून कोणीतरी हसलं.

“थांबवते?” गटाचे अध्यक्ष म्हणाले. ते निवृत्त डॉक्टर होते. “बाई, ती हाकलून देते तिला. आम्ही सगळ्यांनी वाचलं. तुम्ही कुठला सिनेमा पाहिलात?”

आता पुष्कळजण हसले. सासूबाईंनी खुर्ची चाचपली आणि खाली बसल्या. ते चाचपणंही सगळ्यांनी पाहिलं.

घरी येऊन त्यांनी चप्पलसुद्धा काढली नाही.

“लाव तो सिनेमा. शेवट लाव.”

“कशाला?”

“चारचौघांत माझं हसं केलंस. आता खरं काय ते वाच.”

“मला काय माहीत तुम्ही तिथे तेच बोलणार?” सुनेचा आवाज पहिल्यांदाच चढला. “आई, अख्खा सिनेमाभर तुम्ही ‘बरोबर बोलली, बरोबर बोलली’ करत होतात. ते शेवटचं वाक्य मी माझ्या तोंडानं म्हणायचं, आणि मग तुमचं ‘बरोबर’ ऐकायचं? नाही वाचलं मी ते, जा!”

“वाच.”

सुनेनं चित्रपट लावला. तोच पाऊस, तेच दार. आणि तक्रार कक्षातल्या आवाजात तिनं वाचलं, “ ‘जा. या घरात तू मला कधीच नको होतीस.’ ”

दार लागलं. पाऊस पडत राहिला. पडद्यावरून नावं सरकू लागली. या वेळी सासूबाईंनी ‘बरोबर बोलली’ म्हटलं नाही. सून वाट पाहत होती.

“हा शेवट जास्त चांगला आहे,” सासूबाई म्हणाल्या.

“असणारच.”

“सिनेमासाठी म्हणतेय मी.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. अध्यक्ष होते. आवाज मोठा, सुनेलाही ऐकू येत होता. डोळ्यांचं आधी कळवायला हवं होतं, असं ते म्हणाले. पुढच्या महिन्यापासून निवडीचं काम तेच पाहणार होते. “घरात कोणी वाचून दाखवत होतं का? त्यांनी घोटाळा केला असेल.”

“घरातल्यांना मध्ये आणू नका,” सासूबाई म्हणाल्या. “शेवट मी चुकवला. पण सिनेमा चांगलाच आहे. गटाच्या पत्रकात त्याचं नाव ठेवा, माझं काढा.”

“कोणी सांगितला होता हा मोठेपणा?” फोन बंद होताच सून म्हणाली.

“तुझ्यासाठी नाही केला.”

त्यांनी फोन बाजूच्या टेबलावर ठेवला. टेबल संपलं कुठे ते त्यांना कळलं नाही; निम्मा फोन कडेबाहेर राहिला. सुनेनं तो आत सरकवला नाही. सासूबाई उठून आत जाईपर्यंत ती फोनखाली तळहात धरून बसून राहिली.