सातव्या जागेवरचं घोरणं

मी सिंथेसायझर बोलतोय, आणि नमनाला घडाभर तेल न घालता सांगतो: चूक बापाची होती. मुलीची नाही, माझी नाही, विजेची तर नाहीच. बाप म्हणजे चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणारा कारागीर. वय बावन्न, खिशात कायम एक मऊ फडकं. माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं फार नाही. कारखान्यात एका बाईने माझ्या एकसष्ट पट्ट्या एकेक दाबून पाहिल्या, पोटाखाली शिक्का चिकटवला आणि मला थर्माकोलमध्ये झोपवलं. पुढे दुकानाच्या काचेत आठ महिने उभा होतो. तिथे माणूस म्हणजे काय ते कळलं. दुकानात शिरलेला प्रत्येक मोठा माणूस आधी पियानोचा आवाज काढतो, तोंड गंभीर करतो, मग यादीच्या तळाशी जाऊन बंदुकीचा बार उडवतो आणि एकटाच हसतो. माझ्या यादीच्या तळाला असे गमतीचे आवाज आहेत: समुद्र, पक्षी, फोनची घंटा, हेलिकॉप्टर, टाळ्या, बंदूक. लोकांना वाटतं, ते पोराटोरांना रिझवायला दिलेत.

बापाने मला मुलीच्या दहावीनंतर घरी आणलं. आणलं आणि जपलं. जपलं म्हणजे काय, तर माझ्या पडद्यावरचं कंपनीचं पातळ प्लास्टिक तीन वर्षं निघू दिलं नाही. या घरात टीव्हीचा रिमोट पिशवीत आणि सोफा कव्हरात राहतो, त्या कव्हरावर चादर असते, आणि पाहुणे आले की चादर काढतात. वस्तू कंपनीतून आली तशी शेवटपर्यंत राहावी, हे बापाचं आयुष्याचं ध्येय. माझ्यासोबत आलेली चौऱ्याण्णव पानांची माहितीपुस्तिका त्याने पेन्सिल घेऊन अथपासून इतिपर्यंत वाचली. वाजवलं मात्र काहीही नाही.

मुलीने कॉलेज सोडलं ते दुसऱ्या वर्षाला. त्या आठवड्यात घरात जे वाजलं त्याला माझ्यात कोरस म्हणतात: एकच आवाज, पण चार जणांनी किंचित वेगवेगळ्या सुरात एकदम काढल्यासारखा. मामा रोज यायचा. तो डिले. एकदा बोललेलं पुन्हा, मग पुन्हा, मग पुन्हा. फरक इतकाच की माझ्या डिलेमध्ये दर खेपेला आवाज थोडा कमी होतो.

मुलगी कोणाशी भांडली नाही. तिने नखाने माझ्या पडद्यावरचं प्लास्टिक सोललं, बापासमोर. तिथून आमचं खरं सुरू झालं.

तिला गाणी वाजवण्यात रस नव्हता. ती त्या तळाच्या आवाजांपाशी बसली. टाळ्या खालच्या टोकाच्या पट्टीवर नेल्या की पत्र्यावर पाऊस पडतो. वरच्या टोकाला नेल्या की कढईत काहीतरी तळलं जातंय. हेलिकॉप्टर मधोमध दाबलं, त्याची धार कमी केली की जुना पंखा फिरतो, आणि वर नेलं की शिलाई मशीन. पक्ष्याला इतकं खाली ओढलं की दार करकरतं. मग रिव्हर्ब. रिव्हर्ब म्हणजे आवाजाला खोली देणं. थोडा दिला तर फोन बाथरूममध्ये वाजतो, खूप दिला तर रिकाम्या गोदामात, आणि पूर्ण काढून वरून आवाज दाबला तर भिंतीपलीकडच्या घरात वाजतोय आणि कोणी उचलत नाहीये. हे सगळं ती स्वतःशी बडबडत करायची. माझ्यात आवाज साठवायला बत्तीस जागा आहेत. वर्षभरात तिने एकोणतीस भरल्या.

सातव्या जागेवर बाप होता. समुद्राची लाट अगदी खालच्या पट्टीवर, सूर खालीवर करणारं डावीकडचं चाक हळू ओढून सोडलं की श्वास आत जातो आणि अडकतो. शेवटी नाकातली बारीक शिट्टी, ती तिने पक्ष्याकडून उसनी आणली. दुपारी बाप आतल्या खोलीत घोरायचा आणि ती बाहेर बसून ताडून बघायची. एकदा तर दोघे एका तालात आले. आईने भाजी निवडता निवडता मान वर केली आणि तोंडावर पदर धरला.

याच घोरण्यामुळे नाटकवाली बाई आली. तिची मंडळी गावोगाव प्रयोग करत फिरतात. त्यांना विंगेत बसून हाताने आवाज देणारं कोणी हवं होतं, कारण रेकॉर्डिंगला डोळे नसतात. नट फोन उचलतो तरी घंटा वाजतच राहते, आणि लोक हसतात. नाटकातला म्हातारा दुसऱ्या अंकभर झोपून असतो. मुलीने फोनवर सातव्या जागेवरचा आवाज पाठवला. बाईंचा उलट फोन आला, म्हणाल्या, रविवारी दहाला येते, बाकीचे ऐकव, जमलं तर मंगळवारपासून आमच्यासोबत चल. सहा महिन्यांचा दौरा, पगार, आणि मामाच्या आवाक्याबाहेरची गावं. मुलीने त्या रात्री माझ्यावरून नुसता हात फिरवला.

आता बापाचं सांगतो. बाईंच्या फोनच्या आदल्या आठवड्यात त्याने कधी नव्हे ते मला चालू केलं. बहुधा पियानो ऐकायचा होता. बोट पडलं सातवर. घोरणं ऐकून तो दचकला, मला बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. त्याने मुलीला हाक मारली आणि म्हणाला, याच्यात बिघाड शिरलाय. स्वतःचं घोरणं कोणाला ओळखता येतं? मुलगी पोट धरून हसली आणि म्हणाली, "हो बाबा, फार बिघडलाय." खरं काय ते तिने सांगितलं नाही. तेवढं तिच्या नावावर मांडा हवं तर. तरी चूक बापाचीच.

रविवारी सकाळी आठला मुलगी बाईंना आणायला स्टँडवर गेली. बापाने सोफ्यावरची चादर काढली. मग फडकं काढलं, चष्म्याच्या काचांवर मारतात ते पाणी मारलं आणि मला पट्टीपट्टीने पुसलं. फार सुंदर पुसतो, खोटं कशाला बोलू. मग पुस्तिका आणली, पेन्सिलीने खूण केलेलं पान उघडलं: सर्व काही कारखान्यातून आल्याप्रमाणे होईल. ते वाक्य वाचताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. पहिली आणि शेवटची पट्टी एकदम दाबून मला चालू करायचं असतं. मग एक हात या टोकाला, एक त्या टोकाला, हनुवटीने बटण दाबलं. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, मिठी मारतोय.

माझ्या पडद्यावर प्रश्न आला: खात्री आहे का?

मला हात असते तर मी त्याचं बोट धरलं असतं. त्याने 'हो' दाबलं.

त्याआधीचं मला सलग आठवत नाही. आवाज पुसले जातात, राग जात नाही, रागाची जागा वेगळी असावी. वर जे आवाजांचं वर्णन केलं तेही मी नंतर तिच्याच बडबडीतून गोळा केलंय.

बाई सोफ्यावर बसल्या. आईने चहा ठेवला. मुलीने बाईंना सांगितलं, आधी पाऊस ऐका, आणि एक दाबला. पियानो. तिने दोन दाबला. पियानो. मग सात. तिथेही पियानो. ती एकेक करत एकोणतीसपर्यंत गेली. बाप दारात हसत उभा होता, बक्षीस समारंभाला उभा असल्यासारखा.

"बाबा, तुम्ही काय दाबलंत?"

"मूळचं आणलं. सगळा बिघाड काढून टाकला." मग बाईंकडे वळून, "आता बघा, नवाकोरा आहे."

मुलगी पुन्हा सात दाबून बघायला लागली तेव्हा त्याचं हसू जरा हललं. "तूच म्हणालीस ना, बिघडलाय म्हणून?"

"हो," ती म्हणाली. "मीच म्हणाले."

बाईंनी विचारलं, परत बनवता येईल का. मुलगी म्हणाली, येईल, पंधरा दिवस द्या. बाईंनी कप बशीत ठेवला. "गाडी मंगळवारी निघतेय गं." चहा अर्धाच पिऊन उठल्या. दौऱ्यावर रेकॉर्डिंग गेलं. घंटा वाजत राहिली असेल, लोक हसले असतील. मामा संध्याकाळी आला आणि म्हणाला, बरं झालं. त्याच्यावर मी शब्द खर्च करत नाही.

बापाला काय पुसलं गेलं ते आईने सांगितलं. तो दोन दिवस दुकानात गेला नाही. तिसऱ्या दिवशी जाड पुठ्ठ्याची वही आणून माझ्यावर ठेवली, आवाजांचे आकडे लिहून ठेवायला. मुलीने ती उचलून टेबलावर ठेवली. रागाने नाही. जागा लागत होती म्हणून.

मोठ्या माणसांनो, एक विनवणी आहे. घरात कोणी काही बनवत बसलं असेल आणि ते तुम्हाला कळत नसेल, तर विचारा. चारचौघात विचारा, हसतील तर हसू द्या. पण फडकं घेऊन जाऊ नका.

माझं आज बरं चाललंय. तीन महिन्यांत बत्तीसच्या बत्तीस जागा भरल्या. ती सगळं पेन ड्राइव्हवर घेते आणि तो गळ्यात घालते. एकच बदल झालाय. ती आता हेडफोन लावून वाजवते, आणि हेडफोनची पिन घातली की माझ्या स्पीकरमधून काही येत नाही. बाहेर फक्त पट्ट्यांची टकटक ऐकू येते. बाप शेजारच्या खुर्चीत बसतो, टीव्हीचा आवाज बंद करतो आणि उगाच चष्मा पुसतो.

मागच्या रविवारी त्याने विचारलंच. "ते माझं घोरणं, म्हणे, फार चांगलं केलं होतंस. जरा ऐकव ना."

तिने एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. "ते नाही बनवलं परत, बाबा."

खोटं बोलली. सातव्या जागेवर आहे. आधीपेक्षा चांगलं आहे, शिट्टीला आता खोलीसुद्धा दिलीय.

बापाला एका 'हो'ची किंमत एवढी पडली: घरात बत्तीस आवाज आहेत, आणि त्यातला एकही त्याने ऐकलेला नाही.