झोर्नित्साची यादी

त्रोयान शहरातल्या रुग्णालयात रक्तपेढी आणि प्रयोगशाळा माझ्याकडे आहे. झोर्नित्सा आमच्या एकशे बारा संगणकांची एकटी राखणदार. गेल्या वसंतात ती एक जाडजूड यादी घेऊन आली. संगणकातलं काय बंद ठेवायचं, काय चालू, कुणाला कशाची मुभा द्यायची, हे जगभरच्या जाणकारांनी मिळून ठरवलेलं. एकेका यंत्रापाशी बसून ती ओळीमागून ओळ लागू करत होती.

माझी पेनड्राइव्ह चालेना, नवा प्रोग्राम घालता येईना. मी भडकले.

"उद्या खुर्चीवर बसायलाही तुझी परवानगी काढू का गं?"

"खुर्चीबद्दल यादीत काही नाही, डॉक्टर," ती शांतपणे म्हणाली.

मी तिच्याविरुद्ध संचालकांकडे तक्रार केली. सात जणांच्या सह्याही घेतल्या. तिला कळलं, तरी ती दुसऱ्या दिवशी येऊन तासभर माझ्याजवळ बसली. आमचं रक्त तपासायचं जुनं यंत्र यादीप्रमाणे सगळं बंद केलं असतं तर चाललंच नसतं. तिने ते बाकीच्या संगणकांच्या जाळ्यातून वेगळं काढलं आणि यादीत कारणासकट नोंद केली: 'इथे सूट दिली आहे.'

नोव्हेंबरात एका सकाळी रसायनं पुरवणाऱ्यांच्या नावाने संगणकावर एक पत्र आलं. मी त्यासोबतची फाईल उघडायला गेले. पडद्यावर सूचना आली: चालवायला मनाई. मी लगेच फोन लावला.

"तुझ्या यादीपायी साधी फाईल उघडत नाही!"

"कशालाही हात लावू नका. संगणकामागची जाळ्याची तार काढा. आलेच मी."

दुपारी कळलं, तेच पत्र शेजारच्या जिल्ह्यातल्या रुग्णालयातही गेलं होतं. तिथे कुणीतरी त्यातली फाईल उघडली आणि आत लपलेल्या घातक प्रोग्रामने सगळे संगणक कुलूपबंद केले. त्यांचे रुग्ण आमच्याकडे यायला लागले. त्यात योआना नावाची बाळंतीण होती, रक्तस्राव थांबत नव्हता. आमच्या पडद्यावर रक्ताचा साठा दिसत होता, यंत्र चालू होतं. जुळणारं रक्त वीस मिनिटांत वर गेलं. ती वाचली. सोबत आणलेली तिची नवजात मुलगीही सुखरूप होती.

मी खाली झोर्नित्साच्या खोलीत गेले. ती सकाळपासून उपाशीच होती. मी तिच्यासमोर पाव आणि दही ठेवलं.

"मला माफ कर. तू नसतीस तर ते माझ्याच हातून झालं असतं."

"मी काय केलं? लिहिलं होतं तसं वागले." तिने पाव मोडला. "यातली एकेक ओळ कुठेतरी कुणाचं तरी नुकसान झाल्यावर लिहिली गेलीय, डॉक्टर. त्या माणसांची नावंही आपल्याला माहीत नाहीत."

"त्यांचेही आभार. पण इथे वाकून बसून ती लावलीस तू."

तिने मान खाली घातली. डोळे पुसत म्हणाली, "दही छान लागलंय."

मी तिच्याशेजारी बसून राहिले. वर बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता की मलाच तसं वाटत होतं, कोण जाणे.