गोंड्याची दोरी

मिलानमध्ये नाचाचे मास्तर पैशाला पासरी. पण डोक्याइतक्या उंच टांगलेला गोंडा उडी मारून पायानं उडवावा तर तो गास्पारेमास्तरांनीच, असा त्यांचा लौकिक होता. गालियार्दा या उड्यांच्या नाचाच्या तालावर गिरकी घेत उडायचं आणि बुटाच्या टोकानं गोंड्याला शिवायचं. गोंड्याची दोरी तुळईवरून यायची आणि तिचं दुसरं टोक धरून उभी राहायची मास्तरांची बायको, ओर्तेन्सिया.

हल्ली मास्तरांच्या पोटात दुखत होतं ते लात्तान्स्योमुळे. हा त्यांचाच शिष्य, विशीतला, अंगानं वेताच्या छडीसारखा. तो उडाला की ओर्तेन्सियाचा चेहरा खुलायचा. भाजलेले चेस्टनट ती त्याला सोलून द्यायची. नवऱ्याला कधी दिले होते का? दिले असतीलही, पण जळणाऱ्या माणसाला मागचं काही आठवत नाही.

"मास्तरीणबाई, गोंडा जरा वर घ्या की!" तो म्हणायचा.

"मेल्या, मान मोडून घेशील!" असं म्हणून ती हसायची.

मास्तरांनी मनाशी ठरवूनच टाकलं, ही बया त्याच्यासाठी दोरी सैल सोडते. नाहीतर कालचं पोर इतकं सहज पोचतं कसं?

रविवारी दुपारी शहरातल्या एका बड्या सरदारांचे कारभारी आले. सरदारांच्या लेकीच्या लग्नात गालियार्दा गुरू नाचणार की शिष्य, ते ठरायचं होतं. सरदारांच्या घरच्या कार्यात इतकी वर्षं तो मान मास्तरांचा होता. ओर्तेन्सिया दोरीकडे निघाली तसे ते गरजले, "हात लावू नकोस! आज दोरी खुंटीला बांधायची."

"अहो, मी धरते ना." तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"का? लाडक्याची फजिती होईल म्हणून?"

"चारचौघांत काय हे बोलणं! ऐका माझं, पाया पडते तुमच्या."

ती गयावया करू लागली तसे मास्तर जास्तच पेटले. चोराच्या मनात चांदणं! दोघे गुरुशिष्य उंचीला सारखेच. मास्तरांनी स्वतःच्या डोक्याशी गोंडा मापला आणि दोरीला करकचून गाठ मारली.

लात्तान्स्यो उडाला. गोंडा थेट तुळईला जाऊन आपटला.

मास्तरांचा विश्वासच बसेना. मग ते उडाले, सगळा राग पायात आणून उडाले. पाय गोंड्याच्या वीतभर खालून गेला. पुन्हा उडाले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर कमरेवर आपटले.

"आज फरशी फार निसरडी आहे," लात्तान्स्यो घाईघाईनं म्हणाला. कारभारी नुसतेच खाकरले.

ओर्तेन्सिया धावत आली आणि मास्तरांना उठवू लागली. "म्हणून म्हणत होते," ती पुटपुटली, "मला धरू द्या."

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. "किती वर्षं दोरी सैल सोडतेयस माझ्यासाठी?"

ती खाली बसून त्यांच्या गुडघ्यावरची धूळ झटकत राहिली. हिचं त्या पोरावर मन जडलं असतं तर बरं झालं असतं, असं मास्तरांना त्या घडीला अगदी मनापासून वाटलं.