थोरलीच्या बाजूची फट

भांडण कशावरून म्हणाल, तर नळावरून. हसू नका. दोघा भावांनी घराची वाटणी केली, गॅरेजात मधोमध भिंत घातली आणि नळ गेला थोरलीच्या वाट्याला. थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. तेव्हापासून अबोला. पुढं दोघंही भाऊ गेले, मुलं आपापल्या संसाराला लागली. तिकडं ती एकटी, इकडं मी. तिचं दार मागच्या गल्लीत, माझं पुढच्या रस्त्यावर, त्यामुळे एकमेकींचं तोंड बघायची वेळच येत नाही.

पण भिंत छपरापर्यंत गेली नव्हती. छप्पर पेलणाऱ्या लाकडी कैच्या दोन्हीकडे मिळून एकच, आणि भिंत त्यांच्या खालीच थांबलेली. थोरली तिकडं शिंकली की इकडं मी दचकायची.

मी गॅरेजात सोफ्याची कव्हरं शिवते. ती तिकडं नळापाशी कपडे धुवायचं मशीन लावते आणि त्या मशीनशी बोलते. "काय बाई ही थंडी!" की मी माझ्या शिलाई मशीनला सांगणार, "थंडी वाजते तर माणसानं स्वेटर घालावा." लगेच तिकडून, "फुकटचे सल्ले द्यायला लोकांचं काय जातं!" लेकी बोले सुने लागे, तसला प्रकार. पण अबोला म्हणजे अबोला. आम्ही एकमेकींशी चकार शब्द बोललो नाही कधी.

यंदा थंडीनं बोटं इतकी आखडली की सुई नखातच घुसली. मग सुताराला बोलावलं. तो वर बघून म्हणाला, "मावशी, सगळी ऊब पत्र्यातून उडून जातेय. कैच्यांना खालून बोर्ड मारू, वर ग्लासवूलचा, म्हणजे काचेच्या कापसाचा, जाड थर टाकू." मदतनीस आणलाच नव्हता गड्यानं. मग काय, बोर्डाचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या डोक्यावर. तो स्क्रू पिळतोय आणि मी देवळातल्या खांबासारखी उभी. मानेचा पार भुगा झाला.

तेवढ्यात तिकडून आलंच, "पैसा उतू चाललाय बाई काहींचा. म्हातारपणी महाल बांधतायत!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुतारानं विचारलं, "भिंतीवरची ही फट मोकळी ठेवू का?"

"अजिबात नाही. ठासून भर."

"मग तिकडचा आवाजसुद्धा यायचा नाही हं."

"तेच तर हवंय!" मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले. तिकडं सगळं चिडीचूप झालं. मला वाटलं, जिंकले.

काम झकास झालं, खोटं कशाला बोलू. गॅरेज उबदार, बोटं मोकळी. पहिल्या दिवशी मी ऐटीत शिवत बसले. दुसऱ्या दिवशी दोरा तुटला तशी मशीनला म्हणाले, "हल्ली दोऱ्यात काही राम नाही." आणि थांबले. मग जरा मोठ्यानं म्हणाले. मग चक्क ओरडले. उत्तर कुठलं यायला? त्या संध्याकाळी लक्षात आलं, दिवसभरात माझ्याशी कुणी बोललंच नव्हतं. त्याच्या आदल्या दिवशीही नाही. फार एकटं वाटलं हो. स्वतःच्याच हातानं कानात कापूस कोंबून घेतला होता, सांगणार कुणाला?

शेवटी सुताराला फोन लावला. म्हटलं, "ये आणि ती फट उघड." तो म्हणाला, "मावशी, बरी आहेस ना?" पण येतो म्हणाला. म्हटलं, त्याआधी थोरलीला सांगून यावं, उगाच ठोकाठोक ऐकून घाबरायची.

सगळा वळसा घालून मागच्या गल्लीत गेले. बेल वाजवली. दार उघडलं.

"फट उघडतेय," मी म्हणाले. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"कशाला?" ती म्हणाली. "मशीन आत न्हाणीघरात हलवलं मी. माझा आवाज नकोय म्हटल्यावर मी तिथं बसून काय करू?"

"मला हवाय," मी म्हणाले. "ताई, तुमच्यावाचून करमत नाही मला."

ती बाजूला झाली, मी आत गेले. समोरासमोर बसलो तर दोघींनाही एक शब्द सुचेना. सगळे टोमणे भिंतीआडूनच जमायचे. मी नुसती तिच्याकडे बघत राहिले. केस पांढरेशुभ्र झालेले, गाल बसलेले, चहाचा कप उचलायला दोन्ही हात लागत होते. आवाज मात्र रोज तोच, ठणठणीत. त्या आवाजावरून मी इतकी वर्षं वाटणीच्या दिवशीचीच थोरली डोळ्यांपुढं धरून बसले होते.